हरभऱ्याची मर, क्लोरेटच्या प्लेटा आणि "ही तीच बुरशी का?"

"बियाण्यातनं आली का रानातनं आली, तेवढं सांगा." हरभऱ्याला मर लागली की कागल, मुरगूड, गडहिंग्लज कुठंही जा, शेतकरी पहिला प्रश्न हाच टाकतो. दुकानदार म्हणतो तुमचं रानच खराब, शेतकरी म्हणतो पिशवीतच घाण होती, आणि मधे आम्ही लॅबवाले मायक्रोस्कोपला डोळा लावून मोठ्या रुबाबात सांगतो की ही फ्युजारियम ऑक्झिस्पोरम आहे. उत्तर खरं असतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नसतं. कुणाची ही, कुठली ही, शेजारच्या रानात आहे तीच का ही, ह्यातलं काहीच त्या नावावरनं कळत नाही.

मी सध्या कोल्हापुरातच एका लॅबमध्ये ह्या "तीच का ही" वर काम करतोय आणि घरी, मित्रांत, अगदी मिसळ खायला बसलो तरी "नेमकं करतोस काय रे दिवसभर" हे ऐकून कंटाळलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली भानगड अशी की मर म्हणून जे आणून देतात ते सगळं मर नसतंच. जमिनीलगत खोडावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची मानकूज, रोप उपटताना सोटमूळ काटकन मोडून निम्मं खालीच राहिलं तर ती कोरडी मूळकूज, आणि रोप वरून मलूल, पानांनी माना टाकलेल्या, मूळ बाहेरून बघितलं तर धडधाकट पण खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ, ही खरी फ्युजारियमची मर. रानात सगळ्यालाच मर म्हणतात आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही, झाड गेलं ते गेलंच, पण लॅबमध्ये आल्यावर हे वेगवेगळं करायलाच लागतं.

दुसरी भानगड जास्त डोक्याला ताप देणारी. त्या रेघवाल्या खोडाचे तुकडे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये धुऊन पीडीएच्या (बटाट्याच्या अर्काची, बुरशी वाढवायची जेली) प्लेटमध्ये ठेवले की चार-पाच दिवसांत पांढरी, मागनं जांभळट अशी बुरशी येते, स्पोर, म्हणजे बुरशीचे बीजाणू, बघितले की फ्युजारियम ऑक्झिस्पोरम. झालं? नाही झालं. कारण ही बाई कुठल्याही मुळातनं येते. चांगल्या हिरव्यागार हरभऱ्याच्या मुळातनं येते, बांधावरच्या गवताच्या मुळातनं येते. हिच्यातले कितीतरी प्रकार कुणाच्या अध्यात ना मध्यात, मुळाच्या सालीत पडून असतात आणि पिकाला काही करत नाहीत. हरभऱ्याला मारणारी जी आहे ती फॉर्मा स्पेशालिस (म्हणजे ठरावीक पिकालाच धरणारा उपप्रकार) सिसेरिस, टोमॅटोला मारणारी लायकोपर्सिसी, केळीला मारणारी क्युबेन्स, आणि मायक्रोस्कोपखाली ह्या सगळ्या आणि ती निरुपद्रवी मंडळी एकदम सेम दिसतात. स्पोरच्या आकारावरनं ही हरभऱ्याची आणि ती टोमॅटोची असं सांगणारा कुणी भेटला तर नमस्कार करा आणि हळूच निघून या. त्यामुळं "आमच्या जिल्ह्यातल्या अमुक गावातनं मरीची बुरशी मिळाली" अशी जी वाक्यं रिपोर्टात वाचायला मिळतात त्यातल्या किती खरंच मारणाऱ्या आणि किती नुसत्या मुळात पडून राहिलेल्या, हा संशय माझ्या डोक्यातनं काही जात नाही. कुंडीत लावून झाड मारून दाखवलं तरच ते खरं, आणि तसं करायला जेजी-६२ सारखं मरीला हमखास बळी पडणारं वाण लागतं, जागा लागते, महिना-दीड महिना लागतो.

आता मुद्द्यावर येतो. ह्या बुरशीचं नर-मादीवालं पुनरुत्पादन आजवर कुणालाही सापडलेलं नाही. म्हणजे आईची ती लेक, लेकीची ती नात, सगळ्या एकसारख्याच, मधे कुणी नवीन रक्त आणत नाही, जो काय बदल होतो तो म्युटेशननं. अशा बुरशीत घराणी असतात आणि ती घराणी ओळखायची एक जुनी पण फार हुशार पद्धत आहे. बुरशीचे धागे वाढता वाढता दुसऱ्या धाग्याला भिडतात, मधली भिंत विरघळते आणि दोघींचा आतला रस एक होतो, इकडची केंद्रकं तिकडं जातात, ह्याला अ‍ॅनास्टोमोसिस म्हणतात. पण हे काय कुणाशीही जमत नाही. हेट किंवा व्हिक नावानं ओळखली जाणारी काही जनुकं असतात, त्या सगळ्या जागांवर दोघींचं जुळलं पाहिजे, दहा जागी जुळलं आणि अकराव्या जागी फरक निघाला तरी ती नुकतीच एक झालेली पेशी मरून जाते आणि तिच्या आजूबाजूची छिद्रं बुजवली जातात, विषय संपला. न्युरोस्पोरा क्रासा नावाच्या बुरशीत, जिच्यावर जगभर अभ्यास झालाय, अशा निदान ११ जागा माहीत आहेत, आणि प्रत्येक जागी दोनच रूपं धरली तरी २०४८ प्रकार होतात. त्यामुळं दोन अनोळखी बुरश्यांचं योगायोगानं जुळायची शक्यता तशी कमीच. ज्यांचं जुळतं त्या एका गटातल्या, त्या गटाला व्हेजिटेटिव्ह कम्पॅटिबिलिटी ग्रुप म्हणतात, बोलताना सगळे व्हीसीजीच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.

बुरशी हे एवढं सोवळं का पाळते? एक कारण लोक देतात ते मला पटतं, की बुरशीलाही व्हायरस होतात आणि ते असे रसातनंच पसरतात, तेव्हा परक्याशी रस मिसळायचाच नाही. ह्याचा पुरावा पाहिजे तर चेस्टनटच्या झाडाचा करपा बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या बुरशीनं अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं साफ केली, मग १९३८ मध्ये ती इटलीत सापडली, पण युरोपात काही वर्षांनी झाडांच्या जखमा आपोआप भरायला लागल्या कारण बुरशीलाच व्हायरस लागला होता आणि ती मरगळली होती. युरोपात ह्या बुरशीचे कम्पॅटिबिलिटीचे प्रकार कमी, त्यामुळं व्हायरस एकीतनं दुसरीत जात राहिला, अमेरिकेत प्रकार भरपूर, तिथं तोच उपाय करून बघितला तर व्हायरस पुढं सरकेचना. म्हणजे जुळणं न जुळणं हा नुसता लॅबातला खेळ नाही.

तर आता दोघींचं जुळतंय का नाही हे बघायचं कसं? दोन्ही पांढऱ्या, दोन्ही कापसासारख्या वाढणाऱ्या, प्लेटमध्ये शेजारी ठेवल्या तर एकमेकींत घुसतात आणि काही म्हणजे काही कळत नाही. इथं पुहाला नावाच्या शास्त्रज्ञानं १९८५ मध्ये डोकं लावलं आणि १९८७ मध्ये कॉरेल, क्लिटिच आणि लेस्ली ह्या तिघांनी ती पद्धत अशी काही नीटस बसवली की आम्ही आज पण तीच वापरतोय. आयडिया अशी की दोन्ही बुरश्यांना आधी थोडं अपंग करायचं, पण वेगवेगळ्या जागी, आणि मग एकत्र आल्यावर त्या धडधाकट होतात का बघायचं.

अपंग करायला कुठलंही भारी मशीन लागत नाही, रेडिएशन लागत नाही, पोटॅशियम क्लोरेट लागतं. लिटरला १५ ग्रॅम. बुरशीला नायट्रेट खायची सवय असते, नायट्रेट रिडक्टेज नावाचं एन्झाइम नायट्रेटचं नायट्राइट करतं. क्लोरेट दिसायला नायट्रेटसारखंच, त्यामुळं हे एन्झाइम बिचारं त्यालाही पकडतं आणि त्याचं क्लोराइट करतं, ते विषारी, बुरशी स्वतःच्याच हातानं विष तयार करून घेते. त्यामुळं क्लोरेटच्या प्लेटवर बुरशी मुटकुळं करून बसते, वाढतच नाही. मग एखादा आठवडा, कधी दोन, कधी त्याहून जास्त वाट बघायची, आणि एक दिवस त्या मुटकुळ्याच्या कडेतनं एखादा पंख्यासारखा पातळ भाग झपाझपा बाहेर पळालेला दिसतो. त्याला सेक्टर म्हणतात. तिथं म्युटेशन झालंय, नायट्रेट पचवायची यंत्रणा कुठंतरी मोडलीय, म्हणून क्लोरेटचं विष होत नाही, म्हणून ती पळाली. आपण काही केलं नाही, आपण फक्त वाट बघितली. मला ह्या पद्धतीतलं हेच सगळ्यात आवडतं.

क्लोरेटबद्दल एक सांगून ठेवतो, हे फटाक्याच्या दारूतलं केमिकल आहे. आमच्यासारख्या लॅबमध्ये फवारणीचं गंधक कुठंतरी कपाटात असतंच, तर क्लोरेट आणि गंधक एका कपाटात ठेवायचं नाही, साखरेच्या बरणीशेजारी पण नाही, सांडलं तर कोरड्या कागदानं पुसत बसायचं नाही. सिनियर लोकांनी हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, सगळीकडं सांगतात असं नाही.

तो पळालेला सेक्टर उचलून मिनिमल मीडियमवर टाकायचा. मिनिमल म्हणजे लिटरला साखर ३० ग्रॅम, सोडियम नायट्रेट २ ग्रॅम, बाकी फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोराइड, चिमूटभर लोह, थोडे सूक्ष्म घटक आणि अगार. ह्यात नायट्रोजन फक्त नायट्रेटचा. ज्याची यंत्रणा मोडलीय तो इथं पसरतो पण पार विरळ, प्लेट उजेडात धरली तरच दिसेल इतका, वर कापूस येतच नाही. नवीन पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा "सर वाढलंच नाही" म्हणून प्लेट टाकून द्यायला निघतात. वाढलेलं असतं बाबांनो, नीट बघा, हवंय तेच हे. आणि काही सेक्टर इथं पण दणकून कापूस काढतात, म्हणजे त्यांना क्लोरेट बाधत नाही आणि नायट्रेट पण पचतं, त्यांना सीआरएन म्हणतात, ते आपल्या काही कामाचे नाहीत.

मग कुणाचं काय मोडलंय ते शोधायचं. त्यासाठी तोच मीडियम पण नायट्रोजन बदलून, एकात नायट्राइट, एकात हायपोझँथिन, एकात अमोनियम असं. नायट्रेट सोडून बाकी सगळं पचवतो तो निट-१, त्याचं ते रिडक्टेज एन्झाइमच बिघडलंय. नायट्राइट पण पचत नाही पण हायपोझँथिन पचतं तो निट-३, त्याच्यात ही सगळी यंत्रणा चालू करणारं जनुकच गेलंय. आणि नायट्राइट पचतं पण हायपोझँथिन पचत नाही तो निट-एम, हा म्हणजे सोनं. त्याच्यात मॉलिब्डेनमचा को-फॅक्टर, म्हणजे एन्झाइमचा मदतनीस, बनत नाही, आणि नायट्रेट पचवायला आणि हायपोझँथिन पचवायला दोन्हीकडं तोच को-फॅक्टर लागतो म्हणून दोन्ही बंद. निट-१ भारंभार मिळतात, निट-एम मात्र फार वाट बघायला लावतो, एखाद्या आयसोलेटचा, म्हणजे नमुन्यातनं वेगळ्या काढलेल्या बुरशीचा, तर मिळता मिळत नाही. आमच्याकडचे मामा, म्हणजे लॅबमध्ये काचसामान बघतात ते, रोज सकाळी दारातनंच विचारायचे, "काय सर, एम गावला का न्हाई?" त्यांना एम म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण तो गावला की मी त्या दिवशी चहा पाजतो हे पक्कं माहीत होतं.

आता जोडी लावायची. मिनिमल मीडियमची प्लेट, मधे एका बुरशीचा निट-एम, बाजूला दुसऱ्यांचे निट-१, दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून. दोघी विरळ विरळ पसरत येतात आणि एकमेकींना भिडतात. जुळत नसेल तर काही होत नाही, दोन्हीकडं तोच विरळपणा. आणि जुळत असेल तर जिथं भिडल्या बरोबर त्या रेषेवर पांढराशुभ्र दाट कापूस उभा राहतो. एकीकडं चूल आहे पण जळण नाही, दुसरीकडं जळण आहे पण चूल नाही, मधली भिंत पडली की दोघींचा स्वयंपाक होतो, तसं. निट-१ च्या केंद्रकाकडं चांगला को-फॅक्टर, निट-एमच्या केंद्रकाकडं चांगलं रिडक्टेज, दोन्ही एका रसात आली की नायट्रेट पचायला लागतं. रेघ आठवड्यात येते, कधी दोन आठवडे लागतात, कधी रेघ सलग न येता ठिपके ठिपके येतात आणि मग त्यावर वाद होतात. माझं म्हणणं, ठिपके आले तर परत लावून बघायचं, लगेच हो किंवा नाही लिहून मोकळं व्हायचं नाही. काही लोक टेबल भरायच्या घाईत "कमजोर प्लस" लिहितात, ते मला बघवत नाही.

सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावत बसायचं नसतं. २० आयसोलेट घेतले तर १९० जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी बघायची म्हटलं तर बघायलाच नको. त्यापेक्षा एका आयसोलेटचा चांगला निट-एम टेस्टर म्हणून धरायचा, त्याच्याशी जुळले ते बाजूला काढायचे, उरलेल्यांतनं दुसरा टेस्टर, असं करत जायचं. आणि सगळ्यात आधी प्रत्येक आयसोलेटचा निट-१ त्याच्याच स्वतःच्या निट-एमशी लावून बघायचा. हे फार जण गाळतात. काही आयसोलेट असे असतात की त्यांचं स्वतःचंच स्वतःशी जुळत नाही, हेटेरोकॅरिऑन सेल्फ-इन्कम्पॅटिबल म्हणतात त्यांना. असला आयसोलेट कुणाशीच रेघ देणार नाही आणि आपण समजणार की वा, नवीन गट सापडला! नवीन गट सापडला म्हणणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हा विचारावा की सेल्फचा कंट्रोल लावला होता का.

अजून एक, हे सगळं सुरू करायच्या आधी एका स्पोरपासून कल्चर वाढवलेलं पाहिजे. एका रोपात दोन बुरश्या असू शकतात, आणि तसं मिक्स कल्चर घेतलं तर पुढचे सगळे निकाल कचऱ्यात.

आणि कोल्हापूरचा पाऊस. थंडीत इथं मजा असते, खोलीतच २५ अंशांच्या आसपास मिळतं, इन्क्युबेटरवर भार नाही, लाईट गेली तरी जीव खालीवर होत नाही. पण जून-जुलैत भिंतींना ओल, प्लेटांच्या झाकणांना आतनं पाणी, हिरवी पेनिसिलियम कुठून कुठून उगवते, आणि त्याहून वाईट म्हणजे माइट. डोळ्याला जेमतेम दिसणारे हे किडे रात्रीत एका प्लेटमधनं दुसरीत फिरतात आणि पायाला स्पोर घेऊन जातात. साध्या कामात एवढं मनावर घ्यायला नको, पण कम्पॅटिबिलिटीच्या टेस्टमध्ये माइट आला की खेळ खलास, कारण ह्या प्लेटमधली बुरशी त्या प्लेटमध्ये गेली की कुणाची कुणाशी जोडी लागली ते देव जाणे. प्लेटवर वेड्यावाकड्या चालल्यासारख्या बारीक बारीक कॉलन्यांच्या ओळी दिसल्या की समजायचं. पॅराफिल्म घट्ट गुंडाळा, जुन्या प्लेटा नव्यांच्या शेजारी ठेवू नका, मूळ कल्चर डीपफ्रीजमध्ये ठेवा, आणि जमलं तर पावसाळ्यात जोड्या लावूच नका, तेव्हा वाचन करा, रिपोर्ट लिहा, पन्हाळ्याला जाऊन या.

आता ह्यातनं निघतं काय. आमच्या प्लेटांत जे दिसतंय ते साधारण असं, की काळ्या रेघेच्या रोपातनं काढलेल्या, वेगवेगळ्या गावच्या, एकमेकींना रेघ देतात, आणि चांगल्या मुळातनं किंवा बांधावरच्या गवतातनं काढलेल्या त्यांच्याशी देत नाहीत, आपापसात पण बहुतेक देत नाहीत. मला पहिल्यांदा हे बघून फार भारी वाटलं, आणि मग वाचन केल्यावर कळलं की हे असंच यायला पाहिजे होतं. हरभऱ्याच्या मरीच्या बुरशीचे आठ रेस लोकांनी लिहून ठेवलेत, कुठल्या वाणाला मारते आणि कुठल्याला नाही त्यावरनं, त्यातले १ए, २, ३, ४ हे रेस आपल्याकडचे, पण व्हीसीजी बघितला तर ह्या सगळ्या एकाच गटात, ०२८०. म्हणजे मुरगूडची आणि स्पेनची एकमेकींना ओळखणार, पण एक एका वाणाला मारेल, दुसरी नाही मारणार.

आणि इथं शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाचं वांधं होतं. बियाण्यातली पण ०२८० आणि रानातली पण ०२८०, मग कुठून आली हे ह्या टेस्टनं कसं सांगणार? नाहीच सांगता येणार. हे मी लोकांना स्पष्ट सांगतो आणि काहींना ते आवडत नाही, एवढ्या प्लेटा लावून हेच सांगायचं होतं काय म्हणतात. पण टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही हे वेगळं करायलाच पाहिजे. ती सांगते की तुमच्या रोपातनं निघालेली बुरशी त्या मारणाऱ्या घराण्यातली आहे का नुसती मुळात राहणारी. हे फार मोठं उत्तर आहे, कारण त्यावर पुढचं औषध-पाणी आणि वाण ठरतं. ती हे सांगत नाही की ही किती जहाल आहे, कुठला रेस आहे, कुठनं आली. रेससाठी वाणं लावून बघा. कुठनं आली त्यासाठी त्याच पिशवीतलं उरलेलं बियाणं वरनं धुऊन प्लेटवर ठेवा, ही बुरशी बियाण्यातनं जाते हे सिद्ध झालेलं आहे, आणि रानाचा इतिहास विचारा, कारण एकदा जमिनीत बसली की हरभरा नसला तरी सहा-सहा वर्षं ती तिथं टिकून राहू शकते. "गेल्या साली तर हरभरा केलाच नव्हता, ऊसच होता" ह्याला म्हणून फार अर्थ नाही. उसात हरभरा आंतरपीक घेणाऱ्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवलेलं बरं.

ह्याच्या उलट गोष्ट केळीची. तिथं व्हीसीजीचा नंबर म्हणजे डायरेक्ट धोक्याची घंटा. पनामा मरीची, म्हणजे केळीच्या मरीची, जी टीआर-४ (ट्रॉपिकल रेस ४) म्हणून बदनाम आहे ती म्हणजे व्हीसीजी ०१२१३, पहिले तीन आकडे केळीच्या बुरशीचा कोड, पुढचे गटाचे. जी-९ केळीला, म्हणजे शिरोळ-हातकणंगले भागात आता बऱ्याच जणांनी लावलीय तिला, ही मारते, जुन्या रेस-१ ला जी केळी पुरून उरली होती तीच. भारतात ही बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेली आहे. तिथं रोपं कुठनं आणली, मुळाला कुठली माती होती हे विचारणं फार गरजेचं आहे, आणि टेस्टरशी रेघ आली का हा प्रश्न कोट्यवधींचा होतो. आता पीसीआरनं एका दिवसात कळतं म्हणून केळीत प्लेटा कमी झाल्या, ठीक आहे, झालंच पाहिजे. पण पीसीआरचे प्रायमर, म्हणजे नेमका गट पकडणारे डीएनएचे तुकडे, बनवायला गटांची जी ओळख लागली ती अशाच प्लेटांवर झाली होती.

सगळ्या बुरश्यांत एवढा उपद्व्याप लागत नाही. सोयाबीन-भुईमुगाच्या मानकुजीच्या स्क्लेरोशियमच्या दोन चकत्या साध्या पीडीएवर समोरासमोर ठेवल्या आणि नाही जुळलं तर मधे विरळ, मेलेला पट्टा पडतो, उघड्या डोळ्यांनी दिसतो. स्क्लेरोटिनिया नावाच्या बुरशीत तर लोक मीडियममध्ये खायचा लाल रंग टाकतात, न जुळणाऱ्या दोघींच्या मधे लाल रेघ उमटते. त्याला व्हीसीजी म्हणायचं नाही, मायसेलियल कम्पॅटिबिलिटी म्हणायचं, दोन्ही टेस्ट एकच गोष्ट मोजत नाहीत आणि लोक सर्रास मिसळतात.

आणि उसाचा पोक्का बोंग, म्हणजे शेंड्याची पानं पिळवटणारा रोग, त्यातली फ्युजारियमची भावकी वेगळीच. त्यातल्या काहींत लैंगिक अवस्था आहे, त्यामुळं दर पिढीत पत्ते पिसले जातात आणि एकाच रानात व्हीसीजी ढीगभर निघतात, घराणं वगैरे शोधण्यात दम नाही. तिथं दुसरी टेस्ट, मेटिंग टाईपची. गाजराच्या अगारवर एकीला आठवडाभर वाढवायचं, दुसऱ्या टाईपच्या स्पोरचं पाणी तिच्यावर पसरवायचं आणि काही आठवडे थांबायचं, जमलं तर निळसर काळे बारीक दाणे येतात, पेरिथेशिया, आणि त्यातनं जिवंत स्पोर बाहेर आले तर एक जात. अजून आम्ही हे नीट बसवलेलं नाही, गाजर उकडून झाल्यावर लॅबमध्ये हलव्याच्या चर्चाच जास्त होतात.

एवढं सगळं घराणं-घराणं करून झाल्यावर एक गोष्ट सांगतो, जिच्यामुळं माझी झोप उडाली होती. २०१० मध्ये फ्युजारियमच्या जीनोमवर एक मोठं काम आलं, त्यात टोमॅटोला मारणाऱ्या बुरशीचं एक छोटं क्रोमोसोम निरुपद्रवी फ्युजारियम ऑक्झिस्पोरममध्ये गेलं, नुसत्या दोघी एकत्र वाढवून, आणि ती निरुपद्रवी टोमॅटोला रोग करायला लागली. म्हणजे घराण्याच्या भिंती आहेत, पण त्यांना भोकं आहेत. आता प्लेटवर रेघ न देणारी गवताच्या मुळातली बुरशी मी "हिचं काही नाही" म्हणून सोडून देत नाही, कुंडीतल्या हरभऱ्याला पण एकदा लावून बघतो.

शेवटी नमुन्यांबद्दल, कारण आणणाऱ्यांची संख्या वाढलीय. पूर्ण वाळलेलं रोप आणू नका, त्यात मेल्यावर आलेल्या दहा बुरश्या असतात, नुकतंच माना टाकलेलं, अजून हिरवं असलेलं रोप पाहिजे. ओढून उपटू नका, खुरप्यानं मुळासकट मातीसकट काढा. शेजारचं चांगलं रोप पण एक आणा, तुलनेला लागतं. पेपरात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलं तर येईपर्यंत सडतं आणि मग प्लेटवर नुसते बॅक्टेरिया येतात. त्याच दिवशी जमत नसेल तर फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, वर फ्रीजरमध्ये नाही, आणि घरात आधी सांगून ठेवा, मागं एका मामांचा नमुना वहिनींनी निवडून भाजीला घेतला होता.